दीड वर्ष क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर (सीआरसी), शिकवणारं कोणीच नाही. कोर्स करू, प्रोजेक्टवर जाऊ की सीआरए व्हायची वाट बघू?

मिसळ_कमी_तिखट

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

एमएस्सी मायक्रो, गाव गडहिंग्लजजवळ. सध्या पुण्यात एका खासगी हॉस्पिटलला सीआरसी आहे, म्हणजे पगार देते एसएमओ (हॉस्पिटलांना ट्रायलसाठी माणसं पुरवणारी कंपनी) आणि बसते मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड रूमच्या शेजारच्या खोलीत, खिडकी नाही पण चार कपाटं आणि एक मायनस वीसचा फ्रीजर आहे. १६ महिने झाले. ट्रेनिंग म्हणून जॉइन होताना एक दिवस जीसीपीच्या (ट्रायल नीट कशी करायची त्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) स्लाइड्स दाखवल्या, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट प्रिंट करून फाइलला. चौथ्या दिवशी आधीची मुलगी सोडून गेली आणि तिचे तीन स्टडी माझ्या गळ्यात. हँडओव्हर म्हणजे एक पेनड्राइव्ह आणि "ऑल द बेस्ट हं".

तेव्हापासून जे काही शिकले ते मॉनिटरच्या, म्हणजे कंपनीकडून आमचं काम तपासायला येणाऱ्या सीआरएच्या, शिव्या खाऊन. मागच्या महिन्यातलंच सांगते. डायबेटीसच्या स्टडीत जुन्नरकडचे एक काका आहेत, कन्सेंटवर (ट्रायलमध्ये भाग घ्यायच्या संमतीच्या फॉर्मवर) सही त्यांनी केली पण चष्मा घरी विसरले होते म्हणून तारीख मी टाकली, अगदी मदत म्हणून. मॉनिटर मॅडमनी फॉर्म ट्यूबलाइटखाली धरला, सहीतलं अक्षर आणि तारखेतलं अक्षर दोनदा बघितलं, आणि एवढंच विचारलं, "ही तारीख कोणाची?" झालं. रिपोर्टमध्ये फाइंडिंग, पीआयसरांनी (ट्रायलचे मुख्य डॉक्टर) सगळ्यांसमोर विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं हो, की तारीखसुद्धा पेशंटनेच टाकायची असते. १६ महिने काम करून! आधीच्या किती फॉर्मवर मी अशी मदत केलीय देव जाणे.

आता समोर तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे पीजी डिप्लोमा, शनिवार-रविवार, फी एक लाख साठ हजार, "१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स". दुसरं, एका सरकारी संशोधन संस्थेच्या प्रोजेक्टवर टेक्निकल सपोर्ट तीनची पोस्ट निघालीय, २८ हजार अधिक एचआरए, पण कॉन्ट्रॅक्ट, प्रोजेक्ट संपला की घरी. तिसरं म्हणजे इथेच अजून वर्षभर दात-ओठ खाऊन काढायचं आणि सीआरओत (कंपन्यांसाठी ट्रायल चालवणाऱ्या संस्थेत) सीआरएसाठी ट्राय करायचं. आता हातात २२ येतात. बाबांचं रोज एकच, "पर्मनंट कधी?"

खरं सांगायचं तर मला पगारापेक्षा पण असं कोणीतरी पाहिजे की जे माझं काम बघेल आणि सांगेल इथे चुकतेय. असं कुठे मिळतं का आपल्याकडे? की ही अपेक्षाच बावळट आहे?

सातारा_ते_सिंगापूर

बावळट नाही पण महाग आहे. मी पण सीआरसीच होतो, दोन वर्षं, मग सीआरओत सीटीए (ट्रायलचा असिस्टंट), मग सीआरए, आता प्रोजेक्ट मॅनेजर. स्पष्ट बोलतो, राग नको. मेंटर, शिकणं वगैरे ऐकायला छान आहे पण पुण्यात २२ हजारांत रूमचं भाडं देऊन कोणी किती दिवस शिकणार? दोन वर्षं पूर्ण कर, सीव्हीवर थेरपी एरिया आणि किती व्हिजिट हँडल केल्या ते नीट लिही, आणि बाहेर पड. सीआरओत निदान सिस्टिम असते, नव्या सीआरएला सुरुवातीला सीनियरबरोबर साइटवर पाठवतात, तो बघतो, फॉर्म भरतो, साइन-ऑफ मिळाल्याशिवाय एकटं सोडत नाहीत. तुला पाहिजे ते मेंटरिंग तिथे पगारासकट मिळतं.

सरकारी प्रोजेक्ट म्हणजे डेड एंड. मी बघितलेत लोक, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर केस पांढरे झाले.

डिप्लोमाबद्दल एवढंच की तुझ्याकडे १६ महिन्यांचा खरा अनुभव आहे, तो डिप्लोमा ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी असतो. आणि काही ठिकाणी कोर्सबरोबर "एक्सपिरियन्स लेटर पण करून देतो" म्हणतात, त्या वाटेला तर चुकूनही जाऊ नको. बॅकग्राउंड चेकमध्ये सापडतं, आमच्याकडे जॉइन होऊन तीन आठवडे झालेल्या पोराला लॅपटॉप जमा करून घरी पाठवलेला मी स्वतः बघितलाय.

फाइल_नंबर_बारा

अगं मिसळ, आधी पाणी पी. मी चौदा वर्षं कोऑर्डिनेटर आहे, आता एका ट्रस्ट हॉस्पिटलला आठ जणींची टीम बघते, आणि सांगते की ती तारखेची चूक प्रत्येकीने एकदा केलेली असते. मी पण. माझ्या वेळी तर आजींनी अंगठा दिला होता आणि साक्षीदार म्हणून मी सही करून मोकळी, म्हणजे जी स्टडी टीममध्ये आहे तीच निष्पक्ष साक्षीदार! मला वाटलेलं मी किती कामाची.

तुझ्या चुकीवर उपाय सांगू? आमच्या कन्सेंट रूमच्या ड्रॉवरमध्ये चार चष्मे आहेत, दीड, दोन, अडीच आणि तीन नंबर, तुळशीबागेच्या बाहेरून आणलेले. काका आले, वाचता येत नाही म्हणाले, की चष्मा पुढे करायचा. तरी नाही जमलं तर फॉर्म घरी द्यायचा, मुलाशी बोला म्हणायचं, परवा या. हे कुठल्याही स्लाइडमध्ये नसतं. हे मला माझ्या पहिल्या मॅडमनी शिकवलं.

त्या मॅडमबद्दल लिहितेच, कारण तुझा प्रश्न तोच आहे. त्या मूळच्या वॉर्डातल्या सिस्टर, नंतर रिसर्चमध्ये आलेल्या, डिग्रीने माझ्यापेक्षा कमी. पहिले तीन महिने रोज चार वाजता माझ्या सोर्स नोट्स (पेशंटच्या व्हिजिटच्या मूळ नोंदी) घेऊन बसायच्या. मी लिहिलेलं असायचं, "पेशंटने गोळ्या नियमित घेतल्या." त्या विचारायच्या, हे तुला कोणी सांगितलं? पेशंटने की मुलीने? किती गोळ्या परत आल्या, मोजल्यास का? मोजल्यास तर ते कुठे लिहिलंय? मी रडकुंडीला यायचे. पण तीन महिन्यांनी मी पेशंटशी बोलत असतानाच डोक्यात ते प्रश्न यायला लागले. सातारावाले म्हणतात ते साइन-ऑफ वेगळं. तिथे तू दुसऱ्याचं काम तपासायला शिकतेस. स्वतःचं काम करायला साइटवरच शिकावं लागतं, आणि ज्या सीआरएने ते नीट केलेलं नसतं तो आल्या आल्या दहा मिनिटांत कळतो आम्हाला.

अजून एक गोष्ट त्यांची. शेतकरी पेशंट असेल तर एनरोल करायच्या आधी विचारायच्या, वारीला जाता का? ऊसतोडीला जाता का? व्हिजिट विंडो असते अधिक-उणे तीन दिवस आणि आषाढात आमचे काका दिंडीत, बीडकडचा जोडीदार दिवाळीनंतर थेट कारखान्याच्या फडात. आधी विचारलं असतं तर शेड्यूल बसवता आलं असतं किंवा घेतलंच नसतं, नाही विचारलं तर मग डेव्हिएशनवर डेव्हिएशन (ठरलेला प्लॅन मोडल्याच्या नोंदी) आणि डेटा गेला वाया. कालनिर्णय समोर ठेवून विंडो मारायच्या त्या.

तर असं माणूस मिळतं का? मिळतं, पण जाहिरातीत लिहिलेलं नसतं. शोधावं लागतं. आता स्वयंपाकाला जायचंय, कसं शोधायचं ते रात्री लिहिते.

डॉ_पळसपान

थोडं माझं. मी एमडी फार्मॅकॉलॉजी, मेडिकल कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर. मेंटॉर्ड ट्रेनिंगचे आपल्याकडे जे अधिकृत मार्ग आहेत ते बहुतेक डॉक्टर आणि पीएचडीवाल्यांसाठी, हे आधी मान्य करतो. एमबीबीएसच्या पोरांना आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची छोटी शिष्यवृत्ती, असते, १९७९ पासून चालू आहे, दोन महिने एका गाइडखाली छोटा प्रोजेक्ट. पुढच्या टप्प्याला डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि वेलकम (ब्रिटिश संस्था) यांची फेलोशिप, इंडिया अलायन्स, क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थ दोन्हीसाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅबिनेटने त्या कार्यक्रमाचा तिसरा टप्पा मंजूर केला, १५०० कोटी, त्यातले १००० डीबीटीचे, ५०० वेलकमचे. तिथे खरा फायदा पैशाचा नसतो, ओपीडीतून सुटलेल्या वेळेचा असतो. माझ्यासारख्याला सकाळी ९० पेशंट, दुपारी लेक्चर, मग रात्री अकराला प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) लिहायचा, त्यातून काय डोंबलाचा रिसर्च होणार.

पण कोऑर्डिनेटरसाठी असं काही जवळजवळ नाही आणि ही मोठी उणीव आहे. सगळी ट्रायल ज्यांच्या खांद्यावर चालते त्यांना शिकवायची जबाबदारी कोणाचीच नाही. कागदावर सगळी जबाबदारी इन्व्हेस्टिगेटरची, त्यामुळे मिसळताई, तुमच्या पीआयनी सगळ्यांसमोर विचारलं ना, खरं तर तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारायला हवा होता. कन्सेंट ही त्यांची जबाबदारी, तुमची मदत.

फुकटात करण्यासारखं सांगतो. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च, आमच्या पीजींना सक्तीचा आहे, ते कंटाळत करतात, पण मनापासून केला तर स्टडी डिझाइन, सॅम्पल साइज, एथिक्स सगळं येतं. तुम्हाला प्रोटोकॉल वाचताना "हे असंच का" हा प्रश्न पडायला लागेल. जीसीपीचा फुकट कोर्स ग्लोबल हेल्थ ट्रेनिंग सेंटरवर आहे. एक लाख साठ हजार कशाला?

गडचिरोली_रिटर्न

सातारा भाऊ, "डेड एंड" काऊन म्हणून रायले? मी नागपूरकडचा, विदर्भात एका फील्ड स्टडीवर पाच वर्षं सुपरवायझर होतो, कॉन्ट्रॅक्टवरच. आमच्याकडे दर सोमवारी सगळ्यांचे फॉर्म टेबलावर, शंभरातले दहा सर उचलणार आणि त्या घरी स्वतः जाऊन पुन्हा विचारणार. जुळलं नाही तर ओरडायचे नाही, बसवून विचारायचे की प्रश्न कसा विचारला होता तू, आता मला विचारून दाखव. एवढं तर मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

हॉस्पिटलच्या बाहेर पण क्लिनिकल रिसर्च आहे हे लोक विसरतात. बंग दांपत्याच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत आरोग्यदूत बायांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, ४७ गावं तुलनेला, १९९९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं आणि आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते ते त्याच वाटेने आलेलं आहे. डेटा कोणी गोळा केला? गावातल्या कमी शिकलेल्या बायांनीच. म्हणजे शिकवणारा बसला तर जमतं. पुण्यात तर तुमच्या जवळच वढू आहे, शिरूर तालुक्यात, केईएम रिसर्च सेंटरचं, २००२ पासून गावागावाची नोंद ठेवून रायले ते. ससूनमध्ये बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्सचं युनिट आहे, आईच्या दुधातून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरापीन हे औषध द्यायचा जो अभ्यास झाला इथिओपिया, युगांडा आणि भारतात, त्यातला भारताचा भाग तिथला. अशा जागी पगार कमी-जास्त असेल पण प्रश्न विचारला तर कोणी हाकलत नाही.

पर्मनंटचं म्हणाल तर एसएमओ तरी कुठे पर्मनंट हाय. स्टडी क्लोज झाला की तेही "बेंच" (काम नाही, वाट बघा) म्हणतातच ना.

सातारा_ते_सिंगापूर

बेंचचं बरोबर, मान्य. पण भाऊ, पाच वर्षांनंतर तुम्ही काय केलंत ते पण सांगा ना पोरीला.

गडचिरोली_रिटर्न

एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) केलं, आता एका संस्थेत डेटा क्वालिटी बघतो. घर भाड्याचंच आहे अजून, खोटं कशाला बोलू. पण सोमवारचं टेबल मी इथेही लावलंय.

फाइल_नंबर_बारा

आले परत. कुकर झाला, मुलाचा प्रोजेक्ट झाला (थर्माकोलचा किल्ला, तो मीच केला).

तर शोधायचं कसं. सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीची, साइट उघड. २००७ ला सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं झालं. प्रत्येक ट्रायलखाली साइटचं नाव, पीआयचं नाव, एथिक्स कमिटीची मंजुरी सगळं दिसतं. ज्या ठिकाणी अर्ज करणारेस तिथल्या पीआयचं नाव टाकून बघ. एकाच डॉक्टरच्या नावावर पंधरा चालू ट्रायल असतील आणि सगळ्या कंपनीच्या, तर त्यांना तुला बघायला वेळ नाही हे समजून जा. तीन-चार असतील, त्यातली एखादी त्यांची स्वतःची, कंपनीने न दिलेली, तर तिथे डोकं चालवणारं कोणीतरी आहे. ज्यांची स्वतःची ट्रायल असते त्यांना उत्तरात रस असतो, नुसत्या पेमेंट माइलस्टोनमध्ये नाही. हे शंभर टक्के खरं नाही, पण माझा अंदाज सहसा चुकलेला नाही.

मग इंटरव्ह्यूला गेलीस की शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचंय? तेव्हा "ट्रेनिंग मिळतं का" विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार की माझ्या सोर्स नोट्स मॉनिटरच्या आधी कोण वाचेल? नाव घेतलं तर चांगलं. "आमची एसओपी आहे" (म्हणजे लिखित नियमावली) म्हणाले तर समजून घे. मग विचार की माझ्याआधी या जागेवर कोण होतं आणि ती आता कुठे आहे. "सीआरए झाली, अजून येते कधीकधी" आणि "सोडून गेली" यात फार फरक आहे. आणि जमलं तर म्हण, रविवार सोडून एखादा दिवस मला येऊन बसता येईल का, पेशंटचं काही बघणार नाही, लॉग कसे ठेवता ते दाखवा. माझ्याकडे असं विचारणारी आजवर एकच मुलगी आली, तिला मी दुसऱ्या दिवशी घेतलं.

डिप्लोमाच्या ब्रोशरमध्ये एक गोष्ट बघ. अभ्यासक्रमात भारतीय नियम म्हणून अजून नुसतं शेड्यूल वाय (जुने नियम) लिहिलं असेल तर पीडीएफ बंद कर. १९ मार्च २०१९ ला नवे नियम आले, एसएई (पेशंटला झालेला गंभीर त्रास) २४ तासांत कळवायचं, १४ दिवसांत सविस्तर विश्लेषण, सगळं त्यात आहे. आणि जीसीपीचं पण आर-थ्री (तिसरी सुधारणा) जानेवारी २०२५ मध्ये फायनल झालंय, ते त्यांच्या शिक्षकाला माहीत आहे का एक फोन करून विचार. गंमत म्हणून तरी कर.

एसीआरपी, सोक्रा या अमेरिकन संस्थांची सर्टिफिकेशन चांगली आहेत, पण त्यांनाच मुळात साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे अजून काही महिने थांबावं लागेल.

आता तू काय करावंस? मी असते तर प्रोजेक्टचा इंटरव्ह्यू दिला असता, वरचे प्रश्न विचारले असते, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचंय ती व्यक्ती इंटरव्ह्यूला समोर होती का ते बघितलं असतं. नसेल तर नको. पण त्याआधी तुझ्या त्या फॉर्मचं. पुढच्या मॉनिटरिंगच्या आधी सगळे कन्सेंट फॉर्म स्वतः काढ, कुठे तारीख तुझ्या अक्षरात आहे त्याची यादी कर, आणि पीआयच्या हातात दे. स्वतःहून. एथिक्स कमिटीला कळवायचं, पुन्हा कन्सेंट घ्यायचा की काय ते ते ठरवतील. पोटात गोळा येईल पण मॉनिटरला सापडण्यापेक्षा बरं.

मिसळ_कमी_तिखट

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं सगळं. चष्म्याचं वाचून हसूच आलं आणि मग रडू आलं, इतकं साधं होतं.

काल रात्री थांबून फॉर्म काढले. ४१ पैकी सहावर तारीख माझी आहे. यादी केलीय, सरांना उद्या सकाळी देतेय. प्रोजेक्टचा इंटरव्ह्यू पुढच्या गुरुवारी, सीटीआरआयवर तिथल्या मॅडमचं नाव टाकलं, पाच ट्रायल, दोन त्यांच्या स्वतःच्या. सातारादादा, तुमचं पैशाचं पण डोक्यात आहे, बाबांना तुमचाच रिप्लाय वाचून दाखवला, ते म्हणाले हा माणूस व्यवहारी आहे.

एक विचारायचं राहिलं. फॉर्म बघता बघता डेलिगेशन लॉग (कोणाला कोणतं काम दिलंय त्याची यादी) पण उघडला. त्यात माझ्या नावासमोर व्हायटल्स (बीपी, नाडी), सॅम्पल, डेटा एन्ट्री आहे, कन्सेंटचं काम दिलेलंच नाहीये. पण पेशंटला समजावून मीच सांगते पहिल्या दिवसापासून, सर शेवटी येऊन सही करतात. हे चालतं का?

फाइल_नंबर_बारा

नाही चालत बाई. उद्या यादीबरोबर हे पण सरांसमोर ठेव. सरांनी ठरवावं की तुला ते काम द्यायचं का, द्यायचं तर आधी ट्रेनिंगची नोंद, मग लॉगवर नवीन ओळ. तोपर्यंत समजावणं सरांनी स्वतः करायचं, तू शेजारी बसून ऐक, त्यातच शिकशील. आधीच्याबद्दल नोट टू फाइल लिहायची, जे झालं ते जसंच्या तसं.

आणि कोणी कितीही सांगितलं तरी मागची तारीख टाकू नकोस. उद्याची सही उद्याच्या तारखेने.